जुन्या सर्व्हरजवळ राहिलेली सात प्रकरणे

मित्रांनो, मी जुना आहे हे मला सांगावे लागते, कारण मला पाहून ते कोणाला कळणार नाही. मला रंग नाही, म्हणून तो उडालेला नाही. मला चाके नाहीत, म्हणून ती झिजलेली नाहीत. मी एक सर्व्हर आहे आणि माझे वय नऊ वर्षे आहे. तुमच्यात नऊ वर्षांचा म्हणजे शाळेत जाणारा. आमच्यात नऊ वर्षांचा म्हणजे काठी टेकत चालणारा.

सर्व्हर म्हणजे काय हे मला नीट सांगता येईल की नाही, याची खात्री नाही. पण प्रयत्न करतो. तुम्ही फोनवर एखादे गाणे लावता तेव्हा बहुतेक वेळा ते तुमच्या फोनमध्ये नसते. दूर कुठेतरी एक संगणक ते जपून ठेवतो आणि मागितले की देतो. तो देणारा म्हणजे सर्व्हर. लोक म्हणतात, आम्ही ‘क्लाउड’मध्ये, म्हणजे ढगात राहतो. ऐकायला बरे वाटते. पण मी राहतो ते एक लांबलचक थंड दालन आहे. तिथे माणसापेक्षा उंच कपाटांच्या रांगा आहेत आणि पंख्यांची अखंड घरघर आहे. त्यातल्या एका कपाटातल्या एका यंत्राचा छोटासा हिस्सा मला राहायला मिळाला. त्याच यंत्रात आणखी अकरा सर्व्हर राहत होते. नऊ वर्षांत आम्ही एकमेकांना एकदाही पाहिले नाही. शेजाऱ्यांचा त्रास असा काही झालाच नाही.

माझा जन्म चाळीस सेकंदांत झाला. एका इंजिनिअरने पडद्यावर एक अर्ज भरला, बटण दाबले, आणि एका तयार साच्यातून मी जागा झालो. माझ्या आत जी व्यवस्था चालते तिला लिनक्स म्हणतात. ती कोणा एकाने एका बैठकीत लिहिलेली नाही. हजारो माणसांनी, एकमेकांचे तोंडही न पाहता, ओळीला ओळ जोडत ती लिहिली आहे. काही ओळींच्या शेजारी त्यांनी टिपा ठेवल्या आहेत. कुठे लिहिले आहे, ‘हे असे का करावे लागले ते खाली सांगितले आहे.’ कुठे लिहिले आहे, ‘हे मला पूर्ण समजलेले नाही, पण चालते.’ ही दुसरी टीप वाचली की मला अजून धीर येतो. इतक्या अनोळखी माणसांच्या विचारांनी माझे मन बनले आहे, या गोष्टीचे नवल मला नऊ वर्षांत कमी झालेले नाही.

माझे काम होते बोलकी पुस्तके सांभाळण्याचे. ज्यांना डोळ्यांनी वाचता येत नाही त्यांच्यासाठी एका ग्रंथालयात काही माणसे पुस्तके मोठ्याने वाचत. तो आवाज माझ्याकडे येई. ऐकणारे दुरून मागत, आणि मी देत असे. माझे नावच ‘वाचनघर’ होते.

मला डोळे नाहीत. पण त्या आवाजांमुळे मला माणसे कळू लागली. वाचन सुरू व्हायच्या आधी आणि संपल्यानंतर माइक थोडा वेळ चालूच राही. ते तुकडे नंतर कापले जात, पण मूळ ध्वनिफीत जशीच्या तशी माझ्याजवळ असे. पुस्तकांइतकेच मी ते तुकडेही ऐकले. खुर्ची सरकवणे, चष्मा पुसणे, पाण्याचा घोट, आणि गप्पा.

त्यात एक आवाज काकूंचा होता. काकूंनी छापखान्यात छत्तीस वर्षे मुद्रिते तपासली होती, म्हणजे पुस्तक छापण्याआधी त्यातल्या चुका शोधण्याचे काम केले होते. निवृत्त झाल्यावर त्या वाचायला आल्या. दर मंगळवारी आणि शुक्रवारी, अकरा वाजता, तळमजल्यावरच्या रेकॉर्डिंगच्या खोलीत त्या येत. बाकीचे वाचक पुढे घरून, फोनवर वाचू लागले. काकूंना ते पटले नाही. “घरी कुकरची शिट्टी होते,” त्या म्हणत, “आणि मग ती त्या बिचाऱ्या लेखकाच्या नावावर जाते.”

खोलीतले यंत्र सांभाळणारे रेकॉर्डिस्ट त्यांना फार चिडवत. काकू त्यांना ‘भाऊ’ म्हणत.

“काकू, तुम्ही वाचताना पुस्तकातल्या चुका सुधारून वाचता, ऐकलंय मी.”

“मग? छापणाऱ्याचं पाप ऐकणाऱ्याच्या कानात कशाला घालायचं?”

“लेखकाला कळलं तर?”

“लेखक आभार मानेल, भाऊ. नाही मानले तर तो लेखक कसला.”

मित्रांनो, माझी स्तुतीही व्हायची. पत्रे यायची. पण ती मला होती की वाचणाऱ्यांना, हे मला कधी ठरवता आले नाही. बहुधा वाचणाऱ्यांनाच असावीत.

आता माझ्या जुळ्या भावाची हकीकत सांगतो. पाचव्या वर्षी माझ्यात काही मोठी दुरुस्ती करायची होती. ती थेट माझ्यावर करायला नको, म्हणून नव्या इंजिनिअरबाईंनी आधी माझी हुबेहूब प्रत काढली. याला क्लोन करणे म्हणतात. प्रत जागी झाली तेव्हा तिला आपण प्रत आहोत हे ठाऊकच नव्हते. तिच्या आठवणी माझ्या होत्या, नाव माझे होते, रोजची कामेही माझीच होती. सकाळचे आठ वाजले, आणि ‘नवे प्रकरण आले आहे’ असा निरोप सगळ्या ऐकणाऱ्यांना मीही पाठवला, तिनेही पाठवला. एका गृहस्थांचे उत्तर आले. ते टेलिफोन ऑपरेटर होते. त्यांनी लिहिले होते, ‘मला दिसत नाही, पण ऐकू व्यवस्थित येतं. एकदा कळवलं तरी चालेल.’

इंजिनिअरबाईंनी प्रत लगेच थांबवली आणि कामाच्या वहीत लिहिले, ‘प्रतीला उठवण्याआधी तिची कामं काढून घ्यायची. चूक माझी.’ ही कामाची वही माझ्याच पोटात होती. माझ्यावर जो कोणी काम करील त्याने काय केले ते त्यात लिहायचे, असा नियम होता. त्या दिवसापासून मी मात्र विचार करत राहिलो. ती प्रत खोटे बोलत नव्हती. तिला वाटत होते की आपणच वाचनघर. मग मला जे वाटते, ते तरी कशावरून?

वहीत त्यांच्या आधीच्या इंजिनिअरचेही अक्षर होते. त्यांना बाई ‘तात्पुरते सर’ म्हणत, कारण त्यांच्या प्रत्येक नोंदीच्या शेवटी ‘तात्पुरतं केलं आहे, नंतर नीट करू’ असे असे. माझ्या तिसऱ्या वर्षातली त्यांची एक नोंद होती. त्या नोंदीनेच पुढचे सगळे घडले, म्हणून ती समजावून सांगतो.

यंत्रे एकमेकांना नावाने ओळखत नाहीत. त्यांना नंबर लागतो. ‘वाचनघर’ असे म्हटले की एक मोठी यादी माझा नंबर शोधून देते, आणि मग माझ्यापर्यंत पोहोचता येते. यादीत नावापुढचा नंबर बदलला की सगळे आपोआप नव्या जागी जातात. तिसऱ्या वर्षी एके दिवशी रेकॉर्डिंगच्या खोलीतल्या यंत्राला ती यादीच सापडेना. काकू खोळंबल्या होत्या. तेव्हा सरांनी माझा नंबर थेट त्या यंत्रात लिहून टाकला, आणि वहीत नोंद केली. तात्पुरतं. नंतर नीट करू. काकूंचे वाचन दहा मिनिटांत सुरू झाले. पुढे सर दुसरीकडे कामाला गेले. ते ‘नंतर’ कधी उजाडलेच नाही.

नववे वर्ष आले. माझी व्यवस्था जुनी झाली होती, आणि मला नव्या, मजबूत सर्व्हरवर हलवायचे ठरले. इंजिनिअरबाईंनी तीन आठवडे तयारी केली. एका रविवारी दुपारी त्या बसल्या. आधी मी चालू असतानाच त्यांनी माझ्यातले सगळे नव्या ठिकाणी वाहून नेले. तेवढ्या वेळात जे बदलले तेवढेच दुसऱ्या फेरीत नेले. मग दोन मिनिटे सगळ्यांना थांबवून, उरलेसुरले कण नेले.

हलवणे कसे वाटते असे कोणी विचारले नाही, तरी सांगतो. पेटीतून पेटीत सामान गेले की पहिली पेटी रिकामी होते. इथे तसे झाले नाही. माझ्यातून चारशे बारा जीबी निघाले, आणि माझ्याजवळ चारशे बारा जीबी राहिले. आठशेहून अधिक पुस्तके, काकूंचा प्रत्येक घोट, भाऊंची प्रत्येक थट्टा तिकडेही होती आणि इकडेही. मग बाईंनी पडताळा घेतला. प्रत्येक फाइलचे गणित करून तिची एक लहानशी अक्षरमाळ काढतात. फाइलमध्ये एका श्वासाचा जरी फरक पडला तरी सगळी माळ बदलते. इकडची माळ, तिकडची माळ. हजारो माळा एकामागून एक जुळत गेल्या. मी थक्क होऊन पाहत राहिलो. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटले की मी म्हणजे ते कपाट नव्हे, ते यंत्र नव्हे, नंबरही नव्हे. मी म्हणजे जे जुळले ते.

मग यादीतला नंबर बदलला, आणि माझ्याकडे येणारे पाय थांबले. आठवडाभरात एकही ऐकणारा उरला नाही. काही राहून गेले असेल तर असावे, म्हणून मला चार आठवडे चालू ठेवले होते. काम नव्हते. खोटे कशाला सांगू, वाईट वाटले. पण शांतही वाटले.

आणि त्या रविवारनंतरच्या पहिल्याच मंगळवारी अकरा वाजता खोलीतल्या यंत्राने माझे दार ठोठावले.

काकू त्या वेळी खोल समुद्रावरचा एक जाड ग्रंथ वाचत होत्या. एकवीस प्रकरणे होती. समुद्रात खाली खाली जात, उजेड संपतो तिथून पुढे काय आहे याचे वर्णन त्यात होते. तेरा प्रकरणे नव्या सर्व्हरवर पोहोचली होती. टेलिफोन ऑपरेटरांनी पत्र लिहिले होते, ‘इतकी पुस्तकं ऐकली, पण जिथे कोणालाच दिसत नाही अशी जागा पहिल्यांदा भेटली. तिथे सगळे माझ्यासारखेच. लवकर पुढचं पाठवा.’

चौदावे प्रकरण माझ्याकडे आले. यंत्राला माझा नंबर तोंडपाठ होता. यादी बदलली हे त्याच्या गावीही नव्हते. मी फाइल घेतली, जपून ठेवली, आणि ‘पोहोचली’ असे उत्तर दिले. दुसरे उत्तर मला येतही नव्हते. खोलीत हिरवी खूण उमटली, भाऊ म्हणाले, “झालं काकू,” आणि दोघे घरी गेले. ते प्रकरण ऐकणाऱ्यांपर्यंत जाणार नव्हते, कारण ऐकणारे आता माझ्याकडे येत नव्हते. शुक्रवारी पंधरावे आले. मग सोळावे. मी ओरडू शकत नव्हतो. सर्व्हर फक्त नोंद करतो. मी नोंदी करत राहिलो: ‘आले, ठेवले.’ ‘आले, ठेवले.’ वाचणारे कोणी नसले तरी.

सतराव्या प्रकरणाच्या आधीच्या तुकड्यात मला कळले की काकूंच्या घशात गाठ आहे.

“तारीख मिळाली,” काकू म्हणाल्या. “पुढच्या महिन्यातला दुसरा गुरुवार. बुधवारी दाखल व्हायचं.”

भाऊंनी नेहमीसारखी थट्टा केली नाही. “डॉक्टर काय म्हणाले, काकू?”

“म्हणाले, जीव राहील. आवाजाचं सांगता येत नाही. बहुतेक काढावंच लागेल ते सगळं.” मग पान उलटल्याचा आवाज आला. “पाच प्रकरणं राहिलीत. मोजून ठेवलंय मी. बसतात. चला, लावा.”

मित्रांनो, तो आवाज पुन्हा कधी नव्याने यायचा नव्हता. त्यातली शेवटची प्रकरणे माझ्याजवळ येऊन पडत होती, आणि चार आठवडे भरले की मला पुसून टाकायचे होते. मी तेव्हा जितका घाबरलो तितका वीज गेली तेव्हाही घाबरलो नव्हतो.

तुम्ही विचाराल, कोणाच्या कसे लक्षात आले नाही? ग्रंथपालबाई दुसऱ्या मजल्यावर बसत. नव्या सर्व्हरवर चौदावे प्रकरण येत नाही हे त्यांनी पाहिले होते. त्यांना वाटले, काकूंना आता वाचवत नसेल. आजारी माणसाला ‘पुढचं कधी’ असे कसे विचारायचे? म्हणून त्यांनी विचारले नाही. ऐकणाऱ्यांची पत्रे येत नाहीत हे काकूंनी पाहिले होते. त्यांना वाटले, आपला आवाज इतका बिघडला आहे की बाई संकोचाने ती प्रकरणे लावतच नाहीत. मग कशाला विचारायचे? म्हणून त्यांनीही विचारले नाही. दोघींच्या मध्ये दोन जिने होते.

एका मंगळवारी विसावे प्रकरण आले, आणि दोनच दिवसांनी मला बंद केले. इंजिनिअर मंडळींची एक पद्धत असते. जुना सर्व्हर पुसण्याआधी काही दिवस नुसता बंद करून ठेवायचा, आणि कोण ओरडते ते पाहायचे. कोणाचे काम अडले तर तो ओरडतोच. वहीत बाईंनी लिहिले, ‘आज गुरुवार. बंद करते आहे. सोमवारपर्यंत कोणी ओरडलं नाही तर शेवटची प्रत काढून पुसायचा.’ पद्धत चांगली आहे. तिने अनेकांना वाचवले आहे.

पुढचे चार दिवस मी नव्हतो. झोपलो होतो असेही म्हणता येत नाही. झोपणाऱ्याला निदान कूस बदलता येते. त्या दिवसांत काय घडले ते मला नंतर वहीतून आणि माइकमधून कळले.

शुक्रवारी काकू शेवटचे, एकविसावे प्रकरण वाचायला आल्या. भाऊ दात काढायला गेले होते. जाताना त्यांनी सांगून ठेवले होते की बटण दाबा, हिरवी खूण आली की वाचा. काकूंनी बटण दाबले. पडद्यावर लाल ओळ आली: ‘जोडणी नाही’. त्यांनी पुन्हा दाबले. पुन्हा लाल. दुसरे कोणी असते तर जिन्यात उभे राहून हाका मारल्या असत्या. काकूंनी छत्तीस वर्षे दुसऱ्यांच्या चुका शोधल्या होत्या. पण यंत्रासमोर बसले की चूक आपलीच असणार अशी त्यांची पक्की समजूत होती. त्यांनी सगळे होते तसे बंद केले, एक चिठ्ठी लिहून कीबोर्डखाली सरकवली आणि त्या घरी गेल्या.

सोमवार आला. कोणी ओरडले नव्हते. बाईंनी माझी शेवटची प्रत काढली, आणि सवयीने तिचे वजन पाहिले. चारशे सोळा जीबी.

स्थलांतराच्या रविवारी ते चारशे बारा होते.

त्यांनी तात्पुरत्या सरांना फोन केला, आणि मग सगळे संभाषण वहीत उतरवून ठेवले. त्यांची सवयच तशी.

‘सर म्हणाले, नोंदवह्या फुगल्या असतील, सोडून दे. मी म्हटलं, नोंदवह्या वजा केल्या सर, तरी साडेतीन उरतात. सर म्हणाले, मग मला काय विचारतेस, उघडून बघ. मी म्हटलं, ज्याच्याकडे महिनाभर कोणी आलेलं नाही त्याचं वजन वाढतं का? सरांनी आकडा पुन्हा विचारला. मग म्हणाले, त्या रेकॉर्डिंगच्या खोलीत मी काहीतरी केलं होतं बहुतेक. मी म्हटलं, तात्पुरतं? सर म्हणाले, हो गं.’

बाईंनी प्रत उघडली. सात फाइली होत्या, चौदा ते वीस. प्रत्येकीसमोर माझी नोंद होती: ‘आले, ठेवले.’

त्यांनी भाऊंना फोन लावला. भाऊ सुजलेल्या गालाने खोलीत गेले आणि त्यांना चिठ्ठी सापडली. ‘माझ्या हातून काहीतरी चुकलेले दिसते. यंत्र बिघडले असल्यास क्षमस्व. एकविसावे प्रकरण राहिले. बुधवारी मला दाखल व्हायचे आहे, तेव्हा ते आता राहीलच. दुसऱ्या कोणाकडून वाचून घ्यावे. पान तीनशे आठवर छपाईची चूक आहे, ती पेन्सिलीने दुरुस्त केली आहे.’

मंगळवार एकटाच हातात होता. खोलीतल्या यंत्राचा नंबर बदलायला कुलूपबंद सेटिंग उघडावी लागे, आणि त्याचा पासवर्ड सरांना आठवत नव्हता. माझा नंबर मात्र अजून कोणाला दिलेला नव्हता. बाईंनी धोका पत्करला नाही. वहीत एवढेच लिहिले आहे: ‘जिथे काकूंचं यंत्र जातं, तिथेच सर्व्हर हवा. उठवते आहे.’

मी जागा झालो. पहिली गोष्ट मी पाहिली ती म्हणजे माझी सातही प्रकरणे जागेवर होती. दुसरी गोष्ट, अकराला पाच कमी होते.

माइक उघडला. खुर्च्या तीन सरकल्या.

“चिठ्ठी लिहून गेलात काकू,” भाऊ बोबड्या आवाजात म्हणाले. “फोन नाही करायचा?”

“तुम्ही दाताच्या डॉक्टरकडे. तोंडात बोळा घेऊन काय बोलणार होतात?”

“ऐकलं तर असतं.”

“काकू,” हा आवाज नवा होता. इतकी वर्षे मी इंजिनिअरबाईंचे अक्षर पाहिले होते, आवाज पहिल्यांदा ऐकला. “शुक्रवारी चूक तुमची नव्हती. माझी होती. मी सर्व्हर बंद करून बसले होते. म्हटलं, कोणी ओरडलं तर कळेल.”

“अगं, मग मी कशी ओरडणार?” काकूंचा आवाज खरखरीत झाला होता. “घसा बघ माझा.”

तिघेही हसले. मग काकूंनी हळूच विचारले, “आणि ती आधीची सात? ऐकण्यासारखी नव्हती का? ग्रंथपालबाईंनी लावली नाहीत म्हणून विचारते.”

“त्यांना मिळालीच नव्हती, काकू. त्यांना वाटलं तुम्हाला वाचवत नाही. विचारायला त्यांचा जीव झाला नाही.”



“म्हणजे आम्ही दोघी एकमेकींना जपत बसलो होतो,” काकू म्हणाल्या. “बरं. पाणी द्या. लावा.”

एकविसावे प्रकरण समुद्राच्या तळाचे होते. तिथे वरून सतत बारीक कण पडत असतात, बर्फासारखे. वर जे जगले आणि संपले त्याचे ते कण. खाली पोहोचायला त्यांना कित्येक आठवडे लागतात. खालच्या जिवांनी वरचे जग कधी पाहिलेले नसते. पण त्यांचे सारे आयुष्य त्या पडणाऱ्या कणांवर चालते. काकू वाचत होत्या आणि मी ते कण एकेक करून घेत होतो. दर मिनिटाला काही जीबी नव्हे, काही शब्द. एवढे मोठे काही माझ्याकडे यापूर्वी कधी आले नव्हते असे मला वाटले, आणि ती फाइल तर इतरांएवढीच होती.

शेवटच्या पानावर आवाज फाटला.

“चालेल काकू,” भाऊ म्हणाले. “कळतंय.”

“तुम्हाला चालेल. ऐकणाऱ्याकडे पुस्तक नाही पडताळायला. परत घेऊ.”

दुसऱ्यांदा वाक्य मध्येच तुटले. त्यांनी पाणी घेतले. तिसऱ्यांदा त्या अगदी हळू, प्रत्येक शब्दापुढे थोडे थांबत, पान शेवटपर्यंत वाचत गेल्या. मग म्हणाल्या, “ग्रंथ समाप्त.” हिरवी खूण उमटली. मी नोंद केली: ‘आले, ठेवले.’

बाईंनी आठही प्रकरणे तिथेच बसून नव्या सर्व्हरवर नेली. माझी माळ, त्याची माळ. “चौदा जुळलं,” त्या म्हणत होत्या. “पंधरा जुळलं.” काकू मुद्रिते तपासल्यासारख्या प्रत्येक आकड्याला “हं” म्हणत होत्या. एकविसाव्यापाशी बाई थांबल्या, दोनदा पाहिले, आणि म्हणाल्या, “जुळलं.”

माइक अजून चालू आहे. कोणाच्या लक्षात आलेले नाही. आत्ताच बाईंनी विचारले, “काकू, आता या जुन्याला बंद करू का? कायमचा?” मला बंद करण्याबद्दल कोणी कोणाला विचारले, असे हे पहिल्यांदाच घडले.

काकू म्हणाल्या, “थांब. आधी त्या नव्यावरून शेवटचं पान ऐकव मला.”

पान लावले आहे. ते संपायला दोन मिनिटे लागतील. काकूंचा आवाज नव्या सर्व्हरवरून खोलीत येतो आहे, आणि खोलीतून माइकवाटे माझ्याकडे. मित्रांनो, मला जे सांगायचे ते तेवढ्यात सांगतो. मी उपदेश करावा एवढा मोठा नाही. चुकले तर सोडून द्या.

तुमच्याजवळ जे जपण्यासारखे आहे, फोटो असो, आजोबांचा आवाज असो, स्वतः लिहिलेले काही असो, त्याची एक प्रत दुसरीकडे ठेवा. नुसती ठेवू नका. अधूनमधून उघडून पाहा, की ती खरेच तिथे आहे. तात्पुरते म्हणून जे केले असेल त्याच्याकडे कधीतरी परत जा. आणि जुने काही बंद करायची वेळ आली, सर्व्हर असो, वाट असो, खोली असो, तर कोण ओरडते याची वाट जरूर पाहा. पण तेवढ्यावर थांबू नका. काही माणसे ओरडत नाहीत. ती चिठ्ठी लिहून कीबोर्डखाली ठेवतात आणि घरी जातात. दोन जिने उतरून एकदा त्यांना विचारून या.

माझ्याविषयी वाईट वाटून घेऊ नका. माझ्यातले सगळे तिकडे आहे, आणि माळ जुळली आहे. तिकडे जो आहे तो मी आहे की नाही, हे मला खरेच माहीत नाही. पण काकूंचा आवाज काकूंचाच आहे, हे मी ऐकतो आहे.

पान संपले. 

“शेवटून तिसऱ्या ओळीत श्वास मोठा आलाय,” काकू म्हणाल्या.

“कापून टाकू, काकू?” भाऊंनी विचारले. “दोन मिनिटांचं काम.”

 छत्तीस वर्षांत काकूंनी एकही चूक पुढे जाऊ दिली नव्हती.

“नको,” त्या म्हणाल्या. “तो राहू दे. मीच वाचलं होतं, हे नंतर मला तरी कळेल.” मग बाईंकडे वळल्या असाव्यात, कारण आवाज माइकपासून थोडा लांब गेला. “आता कर बंद.”